कशावरून, बाई?

विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा एक प्रश्न हमखास असतो. अख्ख्या पेपरात मला मनापासून आवडणारा हा एकच प्रश्न, आणि वाट लागलीय तीही त्याचीच. गाईडमध्ये त्याची उत्तरं तीन-तीन मुद्द्यांत शिजवून ठेवलेली असतात. शेवटच्या मुद्द्यात ‘म्हणून’ लिहायचं आणि प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं खाली उतरवायचं. गणपतीत भूक लागलेली मुलं शेवटची आरती ज्या वेगाने उरकतात, त्या वेगाने हे मुद्दे म्हणून दाखवले जातात. मधेच थांबवून ‘कशावरून?’ म्हटलं की सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहतो. तीन मुद्दे तर झाले, आता हिला चौथा कुठून काढून द्यायचा?

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. वर्गातली निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरातली, बाकीची कलमांच्या बागा राखणाऱ्यांची. घरून ती खूप काही बघून येतात. वारा कधी फिरणार, कुठल्या तिथीला किती पाणी चढणार, मळभ आलं की मोहोराचं काय होतं, हे त्यांना चालता-बोलता कळलेलं असतं. पण यातलं अक्षरही उत्तरपत्रिकेत येत नाही, कारण ते ‘पुस्तकातलं’ नाही. आणि जे पुस्तकातलं असतं ते घरी कधी कुणाला सांगावंसं वाटत नाही. या दोन गोष्टींची गाठ घालून देणं एवढंच माझं काम आहे, असं मी मानते. अभ्यासक्रम पूर्ण करणं हे त्याच्या नंतर येतं. (हे वाक्य मुख्याध्यापकांनी वाचू नये.)

सहावीत मी सुरुवात पेल्यापासून करते. स्टीलच्या पेल्यात कोकमाचं आगळ घातलेलं लालभडक पाणी आणि जेटीवरून आणलेला मासळीचा बर्फ. कोणी प्यायचं नाही, अशी तंबी आधीच दिलेली असते. पाच मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटतो. हे पाणी आलं कुठून? पुस्तक वाचलेली दोन-चार मुलं ‘संघनन’ म्हणून मोकळी होतात. बाकीची गप्प. मग मागच्या बाकावरून खरं उत्तर येतं, “बाई, माठ पाझरता तसो पेलो पाझरलो.”

हे उत्तर चुकीचं आहे, पण ते विचार करून दिलेलं आहे. त्याच्या घरी माठ आहे, माठाच्या अंगावर बाहेरून पाणी येतं आणि ते खरोखर आतूनच येतं. मग पेल्याचं का येऊ नये? संघनन म्हणणाऱ्याने फक्त एक शब्द दिला. माठवाल्याने एक पाहिलेली गोष्ट दिली आणि तिच्यावरून दुसरीकडे उडी मारली. मला ही उडी हवी असते. त्याला ‘चूक, खाली बस’ म्हटलं तर तो खाली बसेल, पण घरी जाऊन पेला पाझरतो यावरच त्याचा विश्वास राहील. परीक्षेत मात्र संघनन लिहील. माणूस असे दोन हिशेब आयुष्यभर वेगवेगळे सांभाळू शकतो.

म्हणून मी पुढे काहीच सांगत नाही. एखादी मुलगी पेल्यावरून बोट फिरवते आणि म्हणते, हे पाणी लाल नाही. वर्गाला वाटतं, निकाल लागला. पण एकदा माठवाल्याने हार मानली नाही. रंग गाळला गेला असेल, म्हणाला. माठातून नाही का पाणी स्वच्छ होऊन बाहेर येत? मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. रंगाचा पुरावा त्याने एका वाक्यात कच्चा ठरवला होता. मग कोणी तरी म्हणालं, बर्फ न घातलेला पेला शेजारी ठेवू. पाझरतच असेल तर तोही पाझरायला हवा. तो कोरडा राहिला. त्यावरही माठवाला म्हणाला, गार झाल्यावर स्टीलला छिद्रं पडत असतील! शेवटी काटा आला, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पेला झाकून आधी वजन केलं, घाम फुटल्यावर पुन्हा केलं. वजन वाढलं होतं.

इथे एक गंमत होते, आणि शिकवणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. वजन वाढलं हे सगळ्यांनी पाहिलं, वहीत लिहिलं, आणि त्याखाली लगेच लिहिलं, ‘म्हणून पाणी हवेतून आलं.’ मधली पायरी कुणीच लिहिली नाही. वजन वाढलं, बरं, मग त्याने काय होतं? बराच वेळ कुणाला सांगता येईना. मग एका मुलीने हातवारे करत मांडणी केली: आतलंच पाणी बाहेर आलं असतं तर ते पेल्यावरच राहिलं असतं ना? म्हणजे काट्याला काही कळलंच नसतं, वजन तेवढंच. वाढलं याचा अर्थ, जे पेल्यात नव्हतं ते बाहेरून येऊन बसलं. माठवाल्याने मान डोलावली. त्याला पटलं ते या मधल्या पायरीमुळे. काट्यावरचा आकडा तर त्यानेही पाहिलाच होता.

दावा, पुरावा आणि त्यांना जोडणारं कारण अशी तीन अंगं वेगळी करून मुलांना समजावायला शिकवावं, असं हल्ली विज्ञान शिक्षणात जगभर सांगितलं जातं. ते वाचताना मला आपले नैयायिक, म्हणजे तर्कशास्त्र मांडणारे जुने पंडित, आठवले. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून आग आहे. पाच अवयवांचं वाक्य. यातला तिसरा आणि चौथा अवयव आमची मुलं गाळतात. गाईडवालेही गाळतात. मुलांच्या वहीत मी तीनच रकाने आखून घेते: काय म्हणतोस, कशावरून, आणि त्यावरून हेच कसं? तिसरा रकाना महिनोन् महिने रिकामा राहतो. रिकामा राहिला तरी चालतो. तो भरायचा आहे एवढं तरी डोळ्यांसमोर असतं.

पेल्याची गोष्ट तिथे संपत नाही. पावसात मिठाला पाणी सुटतं ते कुठून, हे कोणी तरी विचारतंच. एक मुलगा मे महिन्यात सोलापूरला मामाकडे जाऊन आला होता. तिकडे माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं, आपल्याकडे का होत नाही, असा त्याचा प्रश्न होता. तो मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. आठवड्याने त्यांचं त्यांनाच सापडलं: कोकणातली हवा आधीच पाण्याने भरलेली, माठाच्या अंगावरचं पाणी तिच्यात जाणार कसं? ज्या हवेमुळे आमच्या पेल्याला एवढा घाम फुटतो, तीच हवा आमचा माठ गार होऊ देत नाही. हे वाक्य मुलांचं आहे, मी फक्त शुद्धलेखन सुधारलं.

सातवी-आठवीला भरती-ओहोटी येते आणि तिथे मी मुद्दाम रेंगाळते. हा एक धडा असा आहे की त्यातला कच्चा माल मुलांकडे माझ्यापेक्षा जास्त असतो. भरती सगळ्यात जास्त चढते ते उधाण, सगळ्यात कमी चढते तो भांग; हे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे त्यांच्या घरात रोजच्या बोलण्यात असतं. एकाने आजोबांचा नियम सांगितला, “तिथीक पाऊणपट करूची, तितके वाजता पाणी भरता.” कोकणपट्टीत हा नियम बऱ्याच जुन्या माणसांना येतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. पूर्वी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, त्यामुळे हा हिशेब होडीत बसल्या बसल्या तोंडी व्हायचा.

आम्ही नियम फळ्यावर मांडला. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा ओळी. शेवटची ओळ: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढची तिथी वद्य प्रतिपदा, पुन्हा एकापासून सुरुवात, म्हणजे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. आठवीतली एक मुलगी उभी राहिली. एरवी ती बोलत नाही. रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती पौर्णिमेनंतर एका दिवसात दीड तास पुढे कशी गेली? सव्वाअकरा ते पाऊण. मी हा नियम लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यातली ही उसवलेली शिवण तिने दाखवली.

मग हिशेब सुरू झाला. पंधरा तिथींत भरतीची वेळ पुरती बारा तास सरकायला हवी, तरच चक्र जुळतं. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं, भागिले १५, उत्तर ४८ मिनिटं. आजोबा धरतात ४५. रोज तीन मिनिटांची उधारी, पंधरा तिथींत ती पाऊण तास होते, आणि पौर्णिमा उलटली की एकदम वसूल होते. सव्वाअकरात पाऊण तास मिळवला की बरोबर बारा. वर्गात आरडाओरडा झाला. आजोबांचा नियम खोटा का, असं एकाने विचारलं, तर ज्याचे आजोबा तो चिडला: होडी काढायला तीन मिनिटांनी काय फरक पडतो? अगदी खरं आहे. पाऊणपट तोंडी होते, अठ्ठेचाळीस मिनिटांचा हिशेब तोंडी होत नाही. नियम कशासाठी केला आहे हे बघून तो किती नेमका हवा ते ठरतं, आणि हे मी त्या मुलाकडून ऐकलं.

ही ४८ मिनिटं आली कुठून? पृथ्वी स्वतःभोवती एक अंश फिरायला चार मिनिटं घेते हे त्यांना भूगोलातून माहीत होतं. चंद्र सूर्याच्या मानाने साडेएकोणतीस दिवसांत ३६० अंश सरकतो, म्हणजे रोज बारा अंशांहून थोडा जास्त. बारा चोक अठ्ठेचाळीस, वर थोडं. आपण पुन्हा चंद्रासमोर यायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं. तिथी सरासरीने दिवसापेक्षा किंचित लहान असते, म्हणून तिथीने मोजलं तर ४८ आणि घड्याळाच्या दिवसाने मोजलं तर सरासरी पन्नासच्या आसपास. भूगोल, पंचांग आणि आजोबा एका फळ्यावर आले.

जेटीच्या पायऱ्यांवर मुलांनी पाणी मोजलं, तेव्हा नवीनच भानगड निघाली. उधाणाच्या दिवसांत भरती रोज जेमतेम अर्धा-पाऊण तासाने पुढे सरकत होती, भांगाच्या दिवसांत तासाहून जास्त. शिवाय मूळ वेळही नियमाशी पुरती जुळेना, कारण ती बंदराबंदराला मागेपुढे असते. आकडे असे वागले की मुलांना वाटतं मोजण्यात चूक झाली. चूक नव्हती. सूर्यही पाणी ओढतो. त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, पण चंद्राच्या भरतीला मागेपुढे खेचायला तेवढा पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात आणि उधाण येतं, अष्टमीला काटकोनात असतात आणि भांग पडतो.

पण सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच. तो सहावीचं पोरही विचारतं आणि मोठी माणसं विचारायची लाजतात. “चंद्र एकच असा, मगे भरती दोनदा कित्याक?” चंद्राकडच्या बाजूला पाणी फुगतं हे पटतं. पलीकडच्या बाजूला का फुगावं? चित्र दाखवून हे कळत नाही. मी तीन मुलांना वाळूत एका ओळीत उभं करते. सगळ्यात पुढचा म्हणजे चंद्राकडचं पाणी, मधला पृथ्वी, मागचा पलीकडचं पाणी. चंद्राची ओढ जवळ जास्त, लांब कमी. तर पुढच्याने तीन पावलं टाकायची, मधल्याने दोन, मागच्याने एक. टाकली. आता मधल्याला विचारायचं, तुला काय दिसतं? पुढचा माझ्यापासून लांब गेला. आणि मागचा? तोही लांब राहिला. कोणी त्याला मागे ढकललं का? नाही. मधल्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला मी हा खेळ पुन्हा पुन्हा खेळते.

खेळाला लगेच हरकतही येते. पृथ्वी चंद्राकडे पावलं टाकते, तर आदळत का नाही? फार चांगली हरकत. ती ‘उरलेले प्रश्न’ या कागदावर जाते. तो कागद वर्गाच्या भिंतीवर वर्षभर असतो, आणि गुरुत्वाकर्षणाचा धडा आला की त्यावरचं पहिलं नाव याच प्रश्नाचं असतं. एका दिवसात सगळं समजावून टाकायची घाई मास्तर लोकांना फार. मलाही होती, पण आता मुलांनीच ती मोडून काढलीय.

या धड्याचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. पावसाळ्यात टीव्हीवर मुंबईची बातमी येते, ‘आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. आमचे आठवीतले वीर त्यावर हसतात. साडेचार मीटर ही लाटेची उंची नव्हे, ठरावीक खालच्या रेषेपासून मोजलेली भरतीच्या पाण्याची पातळी. वारा पडलेला असला तरी ती तेवढीच चढते. मुंबईला उधाणात पाणी आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त चढतं, तिथला किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र रुंद आहे, हेही त्यांना ठाऊक. एकीने घरी हे समजावून सांगितलं, तर बाबा म्हणाले, टीव्हीवाले काय खुळे आहेत? ती दुसऱ्या दिवशी मला विचारायला आली, “कशावरून, बाई? तुम्ही तरी कशावरून सांगितलंत?” मी तिला भरतीचं छापील कोष्टक दाखवलं, आणि मला बरं वाटलं.

बोलीबद्दल एवढंच सांगते, की पहिलं समजावणं मालवणीत होऊ द्यावं. प्रमाण मराठीत बोलायला लावलं की मुलं वाक्य शोधत बसतात आणि विचार निसटतो. लिहिताना वळवता येतं. वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र खरा आहे. जूनमध्ये पाऊस, मग गणपतीची सुट्टी, मग सहामाही. पण असं शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत १९७२ मध्ये प्रयोगांवर उभा राहिलेला कार्यक्रम तीस वर्षं चालला, तिथे परीक्षेत पुस्तक उघडून बसायला परवानगी होती. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच कामात आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आठवीला घेऊन विजयदुर्गावर गेले. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने इथून दुर्बीण लावली आणि हेलियम वायू शोधला, अशी गोष्ट सांगतात. त्या तारखेला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. मी मुलांना म्हटलं, तीन रकाने काढा.

पहिला हल्ला पावसाने झाला. “ऑगस्टात आभाळ मोकळा खंय असता?” दुसऱ्याने लगेच मोडून काढलं: श्रावणात उघडीप असते, ढगांवरून इथे कोणी नव्हतंच असं ठरत नाही. पुरावा कच्चा आहे हे त्यांचं त्यांना दिसलं, मला बोलावं लागलं नाही. मग शाळेच्या संगणकावर शोधाशोध झाली. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लष्करी अधिकारी होता. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. सूर्याच्या प्रकाशपटातली जी पिवळी रेषा पुढे हेलियमची खूण ठरली, ती त्याने पाहिली २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, आपल्याच देशातून. भारतात तो ग्रहणासाठी आला १८७१ मध्ये, तोही केरळात बेकलच्या किल्ल्यावर. आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाला, १८९५ मध्ये.

वर्ग हिरमुसला. आपल्या तालुक्याचा शोध गेला! एक मुलगा नकाशा घेऊन बसला होता. त्याने पट्टीने रेघ मारली: विजयदुर्ग, जमखंडी, गुंटूर, जवळजवळ एका ओळीत. चंद्राची सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. म्हणजे अरबी समुद्रावरून ती जमिनीवर चढली ती इथल्या किनाऱ्यावर, जान्सेनच्या दुर्बिणीपर्यंत ती त्यानंतर पोचली.

गडावर पर्यटकांना फिरवणारे एक काका आहेत, आमच्या एका विद्यार्थ्याचे चुलते. पुढच्या रविवारी मुलांनी त्यांना ओट्यांपाशीच गाठलं आणि वही उघडली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आता मी लोकांका काय सांगू?”

“सावली पयली हंयच इली, ता सांगा,” नकाशावाला म्हणाला.

काकांनी विचारलं, कशावरून. त्याने पट्टी काढली.